शेवटच्या रकान्यातला शब्द

पावणेसहाला चर्चची घंटा व्हायची आणि सहाला मिस्सा सुरू व्हायची. पावणेसातच्या सुमारास फादर लाझरस नुनीस बाजूच्या दाराने बाहेर पडत, ओट्यावर उभ्याउभ्याच कोरा चहा घेत आणि अंगण ओलांडून शाळेच्या कार्यालयात तंबोरा लावायला बसत. मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी तंबोरा असलेली शाळा वसईच्या पट्ट्यात दुसरी नव्हती. सात वाजून दहा मिनिटांनी कोन्सू मावशी तांब्याची कळशी डोक्यावर घेऊन फाटकातून आत येई. फाटकाचा उंबरठा ओलांडला की ती क्षणभर थांबे, हिंदकळलेलं पाणी स्थिर होऊ देई आणि मग व्हरांड्यातल्या माठांकडे वळे. अशा तिच्या सहा खेपा होत. फादरांच्या खिडकीतून फाटक समोरच दिसे. अकरा वर्षं ते तिला असं थांबताना पाहत होते. मीही पाहत होते.

त्या गुरुवारी, एकोणऐंशी सालच्या जानेवारीत, सगळं असंच झालं. आदल्या दिवशी मुंबईच्या छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे आले होते, एवढाच काय तो फरक.

ते पुस्तक म्हणजे फादरांची अकरा वर्षं होती. सेमिनरीत ते ऑर्गन शिकले. दीक्षेनंतर वरिष्ठांची परवानगी काढून पुण्याला एका बुवांकडे सात वर्षं ख्याल शिकले. आणि परतल्यावर त्यांनी मनाशी घेतलं की आमच्या वसईकडच्या कुपारी ख्रिस्ती बायकांची लग्नाची गाणी म्हाताऱ्यांबरोबर मातीआड जाऊ द्यायची नाहीत. शाळा सुटली की ते वाडीवाडीतून एकेका बाईला बोलावून घेत, कार्यालयातल्या खुर्चीवर मानाने बसवत, गायला लावत आणि स्वर टिपत. त्यांच्या वहीत गाण्याला, गाणारीच्या नावाला, प्रसंगाला वेगवेगळे रकाने होते. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘हेच’. टिपलेलं गाणं फादर स्वतः त्या बाईला गाऊन दाखवत. ती ‘हेच’ म्हणाली, तरच तो शब्द त्या रकान्यात पडे. नाहीतर रकाना रिकामा राही.

‘‘गाणं तिचं आहे, आग्नेस,’’ ते मला म्हणत, ‘‘मान डोलवायची ती तिने. मी नव्हे.’’

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. त्याच शाळेत शिकून त्याच शाळेत शिक्षिका झालेली. वहीची मुद्रणप्रत मीच तयार केली होती. त्रेसष्ट गाणी, पाचशे प्रती. रविवारी शाळेच्या रौप्यमहोत्सवात बिशपांच्या हस्ते प्रकाशन व्हायचं होतं आणि चाळीस मुली त्यातलं एकेचाळिसाव्या पानावरचं पाण्याचं गाणं म्हणणार होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या न्हाण्यासाठी विहिरीवरून पाणी आणताना बायका ते म्हणत. पानावर खाली छापलं होतं: ‘गाणारी : कोन्सू डाबरे.’ आणि त्यापुढे, ‘हेच.’

अकरा वाजता सभागृहात तालीम सुरू झाली. उपमुख्याध्यापक सायमन परेरा सर पेटीवर बसले होते. जोडीला त्यांनी ढोलकही आणवला होता. मुलींनी उचललं:

‘‘विहिरीचा पाणी गो, नवरीच्या न्हाणी गो...’’

‘‘नाय!’’

सगळ्या माना मागे वळल्या. दारात कोन्सू मावशी कमरेवर रिकामी कळशी घेऊन उभी होती. ती माझ्या आईची चुलत बहीण. तिचं बोलणं आमच्या बोलीतलं; सर्वांना कळावं म्हणून इथे मी ते बरंचसं नागर करून लिहिते आहे. फादर असते तर त्याबद्दल त्यांनी मला जाब विचारला असता. तिचा ‘नाय’ तेवढा जसाच्या तसा ठेवते.

‘‘काय झालं, मावशी?’’ फादरांनी विचारलं.

‘‘हे माझं गाणं नाय.’’

‘‘सूर चुकतोय?’’

‘‘नाय.’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द बरोबर आहेत. दम नाय त्यात.’’

‘‘तुम्ही मागेही असंच म्हणायचात,’’ फादर हसून म्हणाले. ‘‘मुली लहान आहेत, येईल दम. म्हणून तर सरांनी ढोलक घेतलाय.’’

‘‘ढोलक कशाला? नवरी पळून चाललीय?’’

मुली फिसकन हसल्या. परेरा सरांनी पेटीचा भाता बंद केला. ‘‘बाई, बिशप येणारेत रविवारी. तुमचं नाव छापलंय पुस्तकात. वसईत किती बायकांचं नाव पुस्तकात छापून आलंय सांगा बघू?’’

‘‘माझं नाव आहे ह्या गाण्याखाली?’’

‘‘आहे तर!’’

‘‘मग काढा.’’

फादर जवळ गेले आणि त्यांनी एकेचाळिसावं पान उघडून तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही हे त्या क्षणी ते विसरले असावेत.

‘‘मावशी, तुम्ही शेवटी ‘हेच’ म्हणाला होतात. हे बघा, इथे छापलंय.’’

‘‘मी? कधी?’’

‘‘मी सप्टेंबरात आजारी होतो तेव्हा म्हटलं असेल. आठवत नसेल तुम्हाला. वय झालं की होतं असं.’’

हे त्यांनी फार मायेने म्हटलं. इतक्या वर्षांनंतरही त्या मायेचा मला संताप येतो. चाळीस मुली, तीन शिक्षक, शिपाई, सगळ्यांनी एकदम समजुतीने माना हलवल्या. परेरा सर हलकेच म्हणाले, ‘‘जाऊ द्या, म्हातारी आहे.’’ ते पुरेसं हलकेही नव्हतं.

कोन्सू मावशीने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पेटीच्या भात्याकडे बघत राहिले.

‘‘मी म्हटलं नाय,’’ ती म्हणाली आणि कळशी घेऊन निघून गेली.

दुपारी परेरा सरांनी मला बोलावलं. ‘‘तुझी मावशी ना ती? जरा गोडीत सांग. रविवारी गर्दी असेल, तिने घरीच आराम करावा. आणि तोवर पाणी शिपाई भरेल. कार्यक्रमात मध्येच ओरडली तर शाळेची अब्रू जाईल.’’

‘‘सर, पुस्तकात तिचं गाणं आहे.’’

‘‘म्हणूनच सांगतोय. नाव छापलं त्याचे आभार मानायचे सोडून तमाशा करते म्हणजे काय?’’

मी गेले. आज वाटतं, नकार द्यायला हवा होता. पण ज्या कारणासाठी मी तालमीत गप्प बसले, त्याच कारणासाठी निरोप घेऊनही गेले.

मावशी ओट्यावर अळूच्या जुड्या बांधत बसली होती.

‘‘बस. निरोप आणलास ना?’’

‘‘मावशी, सर म्हणत होते, रविवारी फार गर्दी होईल, तुला त्रास नको...’’

‘‘येऊ नको म्हणाले.’’

‘‘हो.’’

‘‘आणि पाणी?’’

‘‘शिपाई भरेल, चार दिवस.’’

तिने केळीच्या सोपटाची गाठ दातांनी ओढून घट्ट केली. ‘‘तो शब्द कोणी लिहिला?’’

मी ओट्यावर पडलेली अळूची पानं गोळा करू लागले.

‘‘फादर लिहिणार नायत. नऊ वेळा त्यांनी मला गाऊन दाखवलं. नऊ वेळा मी नाय म्हटलं. नऊ वेळा त्यांनी वही मिटली आणि मला चहा दिला. तो माणूस खोटा नाय. फादर दवाखान्यात होते तेव्हा वही कोणाकडे होती?’’

‘‘माझ्याकडे.’’

मग मी सगळं सांगितलं. फादरांना विषमज्वर झाला होता. छापखान्याची तारीख ठरलेली होती. बासष्ट गाण्यांपुढे ‘हेच’ होतं, एका गाण्यापुढे नव्हतं. परेरा सर म्हणाले, एवढ्या एका शब्दासाठी पुस्तक अडवून ठेवणार का? आणि मी तो लिहिला, फादरांच्या वळणाचं अक्षर काढून.

‘‘मला विचारायला का आली नाहीस? तुझ्या नि माझ्या घरात दोन विहिरींचं अंतर आहे.’’

‘‘वाटलं, तू परत नाय म्हणशील.’’

‘‘म्हटलंच असतं!’’ ती कडाडली. अळूची जुडी तिने बाजूला टाकली. ‘‘म्हणून तर विचारतात माणसाला! हो म्हणणार असेल तरच विचारायचं, तर विचारायचं कशाला?’’

‘‘मावशी, बाकीच्या सगळ्यांनी ‘हेच’ म्हटलं होतं. मला वाटलं, तूच एकटी हट्टाने...’’

‘‘बाकीच्यांनी? फादर समोर बसून गातात, हातात चहाचा कप देतात, खुर्ची देतात. कोण म्हणेल तुमचं चुकलं? त्या बायांनी फादरांच्या झग्याला ‘हेच’ म्हटलं, गाण्याला नाय.’’

मी उठायला लागले. तिने मला मनगट धरून बसवलं.

‘‘ऐकून जा. चाळीस वर्षं ह्या गावातल्या पोरींचं न्हाणाचं पाणी माझ्या गाण्यावर आलं. तुझ्या आईचं आलं. आता पुढच्या लग्नात मी तोंड उघडलं की ह्या चाळीस पोरी म्हणतील, मावशी, असं नाय, पुस्तकात बघ. आणि मी म्हटलं की पुस्तक खोटं आहे, तर म्हणतील, म्हातारी विसरते. फादरच म्हणाले ना सगळ्यांसमोर? मला लिहिता येत नाय, आग्नेस. माझ्याकडे हो आणि नाय एवढंच होतं. त्यातलं नाय तू घेतलंस.’’

शुक्रवारी सात वाजून दहा मिनिटांनी फाटकातून कोणी आलं नाही. शिपाई बादलीने पाणी आणत होता. व्हरांडाभर चिखल झाला होता. फादर तंबोऱ्याची खुंटी धरून खिडकीकडे बघत होते.

‘‘मावशी आली नाही?’’

‘‘तिला येऊ नको म्हणून निरोप गेलाय, फादर. मीच दिला. आणि...’’ मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. ‘‘हा शब्द तिचा नाही. माझा आहे.’’

त्यांनी चष्मा लावला, रकान्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते बोट तिथेच राहिलं.

‘‘मला वाटलं, तू तिला गाऊन दाखवलंस.’’

‘‘नाही.’’

‘‘तिच्या घरी गेलीस?’’

‘‘नाही.’’

तेवढ्यात परेरा सर निमंत्रितांची यादी घेऊन आत आले आणि प्रसंग ओळखून म्हणाले, ‘‘फादर, मीच आग्नेसला तसं सुचवलं होतं. एवढीशी गोष्ट आहे.’’

‘‘एवढीशी असती, सायमन, तर तुम्ही तो रकाना रिकामा सोडला असता.’’

फादरांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. ते माझ्याकडे वळले. ‘‘चुकीचा स्वर लिहिला असतास तर मी समजलो असतो. तू एका बाईच्या तोंडात शब्द घातलास. आणि मी काल त्या शब्दावर विश्वास ठेवून तिला, सगळ्या शाळेसमोर, विसराळू ठरवलं. तिच्यावर विश्वास ठेवणं मला सुचलंसुद्धा नाही. छापलेलं होतं ना!’’ त्यांनी वही मिटली. ‘‘चल.’’

विहिरीवर पाच-सहा बायका होत्या. कोन्सू मावशी रहाटावरून कळशी उतरवत होती. फादरांना बघून बाकीच्यांनी पदर सारखे केले. हिने केला नाही.

‘‘मावशी, मी माफी मागायला आलोय.’’

‘‘इथे विहिरीवर? काल तर सभागृहात म्हणाला होतात.’’

‘‘तिथेही मागेन. पण आधी मला सांगा, माझं काय चुकतं? दम नाही म्हणजे काय?’’

‘‘नऊ वेळा सांगितलं.’’

‘‘दहाव्यांदा सांगा.’’

तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग भरलेली कळशी पुढे केली. ‘‘घ्या.’’

‘‘फादर कळशी उचलणार?’’ कोणीतरी खिदळलं. ‘‘झगा वर धरा, फादर, नायतर आज तुमचंच न्हाण होईल!’’

डोक्यावर त्यांना जमेना, म्हणून त्यांनी कळशी खांद्यावर घेतली. मावशी पुढे झाली. ‘‘आता म्हणा. आणि चाला.’’

फादर गाऊ लागले, अगदी वहीतल्यासारखं, आठ मात्रांत, चोख. ‘विहिरीचा पाणी गो’ म्हणून पुढची ओळ घेतात तोच कळशी हिंदकळली आणि पाण्याचा लोट त्यांच्या कॉलरमधून पाठीवर गेला.

‘‘दम!’’ मावशी ओरडली.

ते जागीच थांबले.

‘‘ठरलं पाणी?’’

‘‘ठरतंय.’’

‘‘ठरू दे. ठरलं? आता म्हणा पुढे.’’

‘‘नवरीच्या न्हाणी गो...’’

‘‘दम.’’

पुन्हा पाऊल थांबलं. त्या थांबण्यात कोणी गात नव्हतं. फक्त मागच्या बायकांच्या बांगड्या वाजल्या आणि कळशीतलं पाणी काठाला लागून परत फिरलं. मग ओळ. मग पुन्हा दम. तिसऱ्या ओळीला थेंबही सांडला नाही. गाणं तेच होतं, स्वर तेच होते, आणि तरीही जे मुली पेटीवर म्हणत होत्या त्याच्याशी त्याचं काही नातं नव्हतं.

वाडीच्या वळणावर फादरांनी कळशी उतरवली. त्यांचा झगा एका बाजूने पार भिजला होता.

‘‘दम धरा, असं म्हणत होता तुम्ही.’’

‘‘मग काय म्हणत होते?’’

‘‘मला वाटलं, जोर नाही म्हणताय.’’

‘‘म्हणून तो ढोलक!’’ ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं.

‘‘पण मावशी, तुम्ही माझ्यासमोर गायलात तेव्हाही मध्ये थांबत नव्हता.’’

‘‘खुर्चीवर कसला दम धरू? डोक्यावर पाणी कुठे होतं? काहीतरी चुकतंय एवढं मला कळत होतं. काय ते सांगता येत नव्हतं.’’

फादरांनी झग्याचा भिजलेला काठ पिळला. ‘‘मी त्रेसष्ट बायकांना खुर्चीवर बसवलं,’’ ते म्हणाले. ‘‘अकरा वर्षं. आणि रोज सकाळी तुम्ही माझ्या खिडकीसमोर थांबत होता.’’

‘‘खुर्ची चांगली होती,’’ मावशी म्हणाली, आणि कळशी उचलून डोक्यावर घेतली.

शनिवारी अर्धी शाळा होती. मुली गेल्यावर फादरांनी सगळे गठ्ठे कार्यालयात आणवले, सुतळ्या कापल्या आणि दौत टेबलाच्या मधोमध ठेवली. परेरा सर दाराशी उभे होते.

‘‘फादर, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल.’’

‘‘येईल. सगळीच गाणी पुन्हा ऐकावी लागतील. जिथे ती म्हणतात तिथे जाऊन. सोमवारपासून जाणार आहे.’’

‘‘मग आत्ता हे कशाला? बिशपांच्या हातात खाडाखोड केलेलं पुस्तक द्यायचं?’’

‘‘मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, सायमन. तेव्हा सगळ्या प्रतींत खोडायला हवं. आणि मुली उद्या हे गाणं म्हणणार नाहीत. मावशी पुढच्या रांगेत बसेल. येणार असेल तर. मी सकाळी विचारून आलोय, ‘बघू’ म्हणाली.’’

त्यांनी टाक माझ्यापुढे केला. ‘‘तू लिहिलंस. तू खोड.’’

मी एकेचाळिसावं पान काढलं आणि ‘हेच’वर आडवी रेघ मारली. फादरांनी प्रत आपल्याकडे ओढून घेतली आणि दुसऱ्या टाकाने रेघेच्या वर, ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘नाय’.

परेरा सरांनी वाकून पाहिलं. त्यांचा संयम सुटला. ‘‘निदान शुद्ध तरी लिहा, फादर! मराठी शाळेचं पुस्तक आहे. ‘नाही’ लिहा.’’

‘‘ती ‘नाही’ म्हणाली नव्हती,’’ फादर म्हणाले आणि त्यांनी पुढची प्रत घेतली.

सर थोडा वेळ उभे राहिले, मग निघून गेले. आम्ही दोघं काम करत राहिलो. माझी रेघ, त्यांचा शब्द. शाई वाळेपर्यंत प्रत उघडी, मग बाजूला. ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. शंभरानंतर माझी बोटं दुखू लागली, दोनशेनंतर दुखणं जाणवेनासं झालं. प्रत्येक वेळी तो शब्द मला नव्याने वाचावा लागत होता. माझं अक्षर नव्हतं ते, छापलेलं होतं. तरी ओळखू येत होतं.

साडेचारच्या सुमारास एकच प्रत उरली. बिशपांसाठी लाल फीत बांधून वेगळी ठेवलेली. फादरांनी फितीची गाठ सोडली. मी रेघ मारली. त्यांनी टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात फाटक वाजलं. कोन्सू मावशी, डोक्यावर कळशी. रविवारच्या गर्दीसाठी माठ भरून ठेवायला हवेत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने उंबरठा ओलांडला आणि ती थांबली.

फादरांचा टाक कागदावर न टेकता तसाच राहिला. पाणी ठरलं. ती माठांकडे वळली, आणि मग त्यांनी तो शब्द लिहिला.